विजेवरच्या पिकअपचे टायर: आधी भार, मग रेंज

अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकचे पहिले टायर झिजले की मालकाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. ‘ईव्ही’ची खूण असलेलाच टायर घ्या, हा एक. मापात बसेल तो कोणताही चालेल, हा दुसरा. या वादात सर्वांत महत्त्वाचा आकडा मागे पडतो, तो म्हणजे टायर किती भार पेलतो. फोर्डची एफ-150 लाइटनिंग रिकामीच साधारण 2,700 ते 3,100 किलो भरते. रिव्हियनची आर1टी 3,200 किलोच्या आसपास आहे, आणि जीएमसीची हमर ईव्ही 4,000 किलोच्याही पुढे जाते. या वजनाचा मोठा वाटा बॅटरीचा आहे. हौद्यात सामान असो वा नसो, तो टायरवर कायम असतो. त्यात सामान, माणसे आणि ट्रेलर यांची भर पडते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार जोडणीच्या जागी, म्हणजे मुख्यतः मागच्या टायरांवर उतरतो. म्हणून एकूण वजनाला चाराने भागून समाधान मानणे चूक आहे.

टायरच्या कडेवर 275/65R20 116H असे छापलेले असते. यातला 116 हा भार-निर्देशांक, म्हणजे ठरलेल्या दाबाला एका टायरवर 1,250 किलो. नवा टायर निवडताना हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा, ही पहिली अट. ‘ईव्ही’ खुणेला मात्र अमेरिकी कायद्यात अशी ठरलेली व्याख्या नाही. पिरेलीचे ‘इलेक्ट’, हँकूकचे ‘आयऑन’, गुडइयरचे ‘इलेक्ट्रिकड्राइव्ह’ ही त्या त्या कंपनीने दिलेली नावे आहेत. ती पोकळ आहेत असे मी म्हणत नाही. अशा टायरांत सहसा फिरताना कमी ऊर्जा वाया घालवणारे रबर असते, भार पेलण्याचा विचार असतो, काहींमध्ये आतून फोमचा थर असतो. पण टायरच्या पोकळीतला घुमणारा आवाज केबिनमध्ये कमी करणे, एवढेच फोमचे काम. तो नसल्याने ना मोटर बिघडते ना बॅटरी. खूण नसलेला, पण भाराला पुरेसा आणि दर्जेदार टायर चालतो. खूण असलेला, पण भाराला कमी पडणारा चालत नाही.

भार महत्त्वाचा, तर मग अवजड कामाचे एलटी (लाइट ट्रक) टायरच का बसवू नयेत? हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात दाबाचा मुद्दा सुटतो. एलटी ‘लोड रेंज ई’ टायरच्या कडेवरचा मोठा आकडा 80 पीएसआय दाबाचा असतो. आर1टीच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर 48 पीएसआय लिहिलेले आहे. तेवढ्याच हवेवर एलटी टायर आपली पूर्ण क्षमता देत नाही. काही वेळा तो मूळच्या एक्सएल (एक्स्ट्रा लोड) टायरपेक्षा कमीच पेलतो. भाराच्या तक्त्यावरून त्याचा दाब नव्याने ठरवावा लागतो. शिवाय तो जड आणि कडक असल्याने रेंज कमी करतो. रोज खडकाळ वाटेने जाणाऱ्याने किंवा सतत अवजड ट्रेलर ओढणाऱ्याने तो जरूर घ्यावा. शहरात आणि हायवेवर फिरणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा.

रेंजबद्दलचा गैरसमज सर्वांत चिवट आहे. टायर बदलताच रेंज घटली की दोष नव्या कंपनीच्या माथी मारला जातो. वास्तविक झिजलेल्या टायरला लवचण्यासाठी रबरच कमी उरलेले असते, म्हणून त्याचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना होणारा विरोध, नव्यापेक्षा कमी असतो. म्हणजे तोच टायर नवा आणून बसवला तरी रेंज काहीशी खाली येणारच. दुसरी गोष्ट व्यासाची. 275/65R20 चा व्यास सुमारे 865 मिलिमीटर. नक्षी 6 मिलिमीटर झिजली की व्यास 12 मिलिमीटरने घटतो, आणि तेवढ्याच अंतरात चाक सुमारे दीड टक्का जास्त फिरते. मीटर फेऱ्या मोजतो, त्यामुळे जुन्या टायरवर तो अंतर वाढवून दाखवत होता. नव्यावर ती वाढ नाहीशी होते. माप बदलले तर फरक आणखी मोठा होतो: 275/55R21 आणि 275/65R20 यांच्या व्यासात साडेतीन टक्के अंतर आहे. म्हणून गाडीच्या सेटिंगमध्ये चाकाचे माप बदलण्याची सोय असेल तर ती विसरू नये. तुलना करायचीच तर नव्या टायरची नव्याशी करावी. अडचण अशी की युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलवर इंधन-कार्यक्षमतेची श्रेणी छापली जाते, अमेरिकेतल्या ग्राहकाला तशी श्रेणी मिळत नाही. सरकारी यूटीक्यूजी श्रेणीत झीज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि तापमान एवढेच आहे, आणि एलटी टायरांना तर तीही लागू नाही. त्यामुळे स्वतंत्र चाचण्यांचे आकडे शोधणे भाग पडते.

चारही चाकांना मोटर आहे, मग बर्फाची काय चिंता, असेही म्हटले जाते. चारही चाकांचा जोर गाडी सुटताना कामी येतो. थांबताना आणि वळताना पकड टायरचीच, आणि तीन टनांची गाडी थांबवायला ती जास्तच लागते. कडेवरच्या तीन शिखरे आणि हिमकणाच्या चिन्हावरही पूर्ण विसंबू नये. त्यामागची चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे ओढण्याची आहे, ब्रेकची नाही आणि गोठलेल्या काचेसारख्या थराची तर नाहीच. जिथे महिनोन्महिने रस्ते गोठतात तिथे हिवाळ्याचा वेगळा संच घ्यावा, आणि त्याचाही भार-निर्देशांक तितक्याच काटेकोरपणे तपासावा.