दूरपल्ल्याची शिडनौका शर्यत आणि ‘म्हादेई’

प्रस्तावना : सिडनी ते होबार्ट ही ६२८ सागरी मैलांची वार्षिक शिडनौका शर्यत १९४५ मध्ये सुरू झाली. १९९८ च्या वादळात ११५ पैकी केवळ ४४ नौका होबार्टला पोहोचल्या व सहा नाविक मृत्युमुखी पडले. अशा शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी समुद्रच असतो.

विवेचन : भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ मोहिमेत स्पर्धक नव्हते, समुद्र मात्र होता. कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात ‘म्हादेई’ नौकेच्या बांधणीतच सहभाग घेतला. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, चार बंदरांत थांबून, मे २०१० मध्ये ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले.

निष्कर्ष : भर समुद्रात कारागीर बोलावता येत नाही. म्हणून नौकाबांधणीचे ज्ञान हाच नौकानयनाचा पाया होय.