एक लाख किलोमीटर कुणी मोजले?

माणसाच्या शरीरातल्या सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी एक लाख किलोमीटर भरते, म्हणजे पृथ्वीला अडीच वेढे बसतात. हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असते, शाळेच्या भित्तिपत्रकांवर असते आणि मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत तर हमखास असते. वाचणारा थक्क होतो. ही लांबी मोजली कुणी आणि कशी, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही, कारण आकडा आहे म्हणजे तो कुणीतरी नीट मोजलेला असणारच, असे आपण धरून चालतो. शरीराविषयीचे कितीतरी गैरसमज या धरून चालण्यातून पसरले आहेत. शरीराचा कोणताही आकडा हे एका ठरावीक मोजणीचे उत्तर असते. ती मोजणी कुणाच्या शरीराची होती, कोणत्या साधनाने केली आणि तिच्यात काय गृहीत धरले होते, हे गळून पडले की उरलेल्या संख्येला ऐकीव गोष्टीइतकीच किंमत उरते.

एक लाख किलोमीटरचेच पाहा. हा हिशेब ऑगस्ट क्रोग या डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा. केशवाहिन्यांवरच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांवरच्या, संशोधनासाठी त्यांना १९२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९२२ मध्ये त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी एक कल्पना मांडली: समजा, एखाद्या माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू आहेत आणि स्नायूच्या दर चौरस मिलिमीटर छेदात २,००० केशवाहिन्या आहेत. ५० किलो स्नायू म्हणजे ढोबळमानाने पाच कोटी घन मिलिमीटर. त्याला २,००० ने गुणले की दहा हजार कोटी मिलिमीटर, म्हणजे नेमके एक लाख किलोमीटर येतात. गुणाकारात काहीच चूक नाही. पण ५० किलो स्नायू असायला माणूस पहिलवानासारखा धिप्पाड हवा. साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात ३० किलोच्या आसपास स्नायू असतात. केशवाहिन्यांच्या दाटीचा अंदाजही मुख्यतः प्राण्यांच्या स्नायूंवरून बांधलेला होता. माणसाच्या स्नायूत ती दर चौरस मिलिमीटरला काहीशेच भरते. ३० किलो आणि ३५० या संख्या घालून तोच गुणाकार केला तर साडेदहा हजार किलोमीटर येतात. अलीकडच्या संशोधकांनी हा हिशेब तपासून ९,००० ते १९,००० किलोमीटर असा पल्ला दिला आहे. क्रोग यांनी 'समजा' म्हणून लिहिलेले वाक्य शंभर वर्षे 'समजा' वगळून सांगितले गेले.

शरीरातले जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट आहेत, हे विधानही असेच जन्मले. १९७२ मध्ये संशोधक थॉमस लकी यांनी मोठ्या आतड्यात असते तशी जिवाणूंची दाटी संपूर्ण पचनमार्गाला लावली आणि भला मोठा आकडा निघाला. २०१६ मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह पुन्हा गणित मांडले, तेव्हा ७० किलोच्या तरुण पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी निघाल्या, म्हणजे जवळजवळ बरोबरी. या सगळ्या जिवाणूंचे वजन दोनशे ग्रॅमच्या घरात येते. सांगितले जाते तसे एक-दोन किलो येत नाही. मेंदूत १०,००० कोटी चेतापेशी असतात हा आकडा तर पाठ्यपुस्तकांतही स्थिरावला होता. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतीचे एकजीव मिश्रण करून त्यातली पेशीकेंद्रे मोजली, तेव्हा सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी आल्या. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी दहापट असतात, हा समजही त्याच मोजणीत पडला; त्या चेतापेशींच्या जवळपास बरोबरीनेच निघाल्या. मात्र ही मोजणी ५० ते ७१ वयाच्या चार पुरुषांच्या मेंदूंवर झालेली आहे. नव्या आकड्यालाही जुना प्रश्न लागू होतोच, आणि तो विचारताना नव्याला सवलत देऊ नये.

काही वेळा मोजणी अचूक असते, फरक व्याख्येत असतो. चरकसंहितेत शरीरातली हाडे ३६० सांगितली आहेत. सुश्रुतसंहिता ३६० या मताची नोंद घेते आणि शल्यतंत्रात ती ३०० मानतात असे सांगते. आज शाळेत २०६ शिकवतात. यावरून दोन टोकाची मते ऐकू येतात: प्राचीनांना शरीर कळत नव्हते, किंवा त्यांना आपल्याहून अधिक कळत होते. दोन्ही मते घाईची आहेत. चरकांच्या गणतीत दात, दातांच्या खोबणी आणि नखेही येतात. सुश्रुतांच्या गणतीत दात आणि कूर्चा आहेत. हाड कशाला म्हणायचे याचे उत्तर वेगळे, म्हणून बेरीज वेगळी. आणि २०६ हीसुद्धा प्रौढ शरीरासाठी ठरवलेली गणतीच आहे. त्रिकास्थीचे पाच मणके जुळून एक झालेले असतात, त्यांना एक धरतात. माकडहाडाचे तुकडेही एकच धरतात. अंगठ्याच्या मुळाशी कंडऱ्यांत असलेली लहान हाडे सोडून देतात, तशाच प्रकारची गुडघ्याची वाटी मात्र मोजतात. जन्मलेल्या बाळात हाडांचे सुटे भाग पावणेतीनशे ते तीनशे असतात आणि वाढत्या वयात ते जुळत जातात. गुडघ्यामागे काहींना फॅबेला नावाचे छोटे हाड असते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी जगभरच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा १९१८ च्या सुमारास ते सुमारे ११ टक्के गुडघ्यांत आणि २०१८ मध्ये ३९ टक्क्यांत असावे असे दिसले. ते हाड असलेला माणूस २०६ मध्ये कुठे बसवायचा?

यावर कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला काढायचा? केशवाहिन्या दहा हजार किलोमीटर असोत की लाख, कुणाचे काय बिघडते? केशवाहिन्यांच्या बाबतीत ते खरे आहे. पण अशीच सवय आपण घरातल्या थर्मामीटरकडे घेऊन जातो. माणसाचे तापमान ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आकडा लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथातून आला. त्यांनी सुमारे २५,००० रुग्णांचे तापमान काखेत घेतले होते. त्यांची सरासरी ३७ अंश सेल्सिअस होती. फॅरनहाइटमध्ये रूपांतर करताना दशांशचिन्ह आले आणि एका ढोबळ पूर्णांकाला नसलेली अचूकता चिकटली. खुद्द वुंडरलिश यांनी तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असते, माणसागणिक बदलते, असे लिहून निरोगी शरीरासाठी एक पल्लाच दिला होता. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडात थर्मामीटर ठेवून सातशे नोंदी घेतल्या, तर सरासरी ९८.२ आली आणि नेमके ९८.६ जेमतेम आठ टक्के वेळा दिसले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांपासूनच्या नोंदी तपासल्या. जन्माच्या दर दशकामागे सरासरी तापमान ०.०३ अंश सेल्सिअसने उतरत आल्याचे त्यांना आढळले.

घरात याचा परिणाम असा होतो की संध्याकाळी तोंडात ९९ दिसले की धडधाकट मुलाला गोळी दिली जाते, आणि आजोबांच्या अंगात ९९ असूनही 'ताप नाही' म्हणून डॉक्टरांकडे जाणे लांबते. उतारवयात तापमान मुळातच थोडे कमी असते. गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी पारा शंभरापर्यंत चढत नाही, असे घडते. अशा माणसाच्या बाबतीत त्याचे नेहमीचे तापमान किती, हे ठाऊक असणे ९८.६ पाठ असण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आकडे असे बदलत राहणार असतील तर विज्ञानावर भरवसा कसा ठेवायचा? पण वरचा एकही आकडा कुणाच्या मर्जीने बदललेला नाही. क्रोग यांनी आपली गृहीतके लिहून ठेवली होती, म्हणूनच शंभर वर्षांनी कुणाला ती तपासता आली. जो आकडा आपली रीत सांगतो तो खोडता येतो, आणि खोडता येतो म्हणूनच त्याच्यावर काही काळ विसंबता येते. मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो, या दाव्यामागे कोणतीही मोजणी कधीच नव्हती. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतल्या शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खर्च करतो. त्याचा नव्वद टक्के भाग रिकामा पडून आहे, असे म्हणायला जागाच उरत नाही. तरी 'सुप्त मेंदू जागा करू' असे सांगून पालकांकडून हजारो रुपये घेणारे वर्ग आपल्या शहरांत चालले. मला याची चीड येते, कारण त्यात फसतात ती मुलांसाठी पोटाला चिमटा काढणारी माणसे.

कुणाचे शरीर मोजले, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर पुण्यातून आले आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमच्या केतले यांनी १८३० च्या दशकात मांडले. १९७२ मध्ये अन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या पुरुषांच्या मोजमापांवर ते तपासून त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. त्या पाच देशांत भारत नव्हता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच शरीरे पुराव्यादाखल मांडली. दोघांचा निर्देशांक २२.३, म्हणजे तक्त्यानुसार दोघेही उत्तम. क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी जादा वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणि लठ्ठपणाची ३० वरून २५ वर आणली. चरबीतला हा फरक किती लवकर सुरू होतो, तेही याज्ञिकांच्या गटाने दाखवले. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची आणि नंतर त्यांच्या बाळांची मोजमापे घेतली. ही बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनकाट्यावर ती नुसती लहानखुरी दिसत होती. दंडाचा आणि पोटाचा घेर आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालच्या कातडीची चिमूट कॅलिपरने मोजल्यावर कळले की स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरले होते, चरबी मात्र साउथॅम्प्टनच्या बाळांच्या जवळपास होती.