साडेतीन की साडेचार?

ऑक्टोबर २०१४. आखेनला उतरून चार दिवस झाले होते आणि पुण्याच्याच एका सीनियर मुलीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून मी राहत होते. पाचव्या दिवशी एका शेअरिंगच्या फ्लॅटमधून फोन आला : खोली बघायला ये, ‘हाल्ब फिअर’ला. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. बरोबर साडेचारला मी दारात उभी. दार उघडणाऱ्या मुलाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोली मघाशीच दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन, चाराच्या दिशेने निघालेला अर्धा तास. मॅक्सम्युलर भवनात घड्याळाची चित्रं रंगवून हे शिकलेही होते, पण फोनवर डोक्याने परस्पर मराठी हिशोब केला.

राग नंतर आला, कारण ही भानगड मराठीला परकी नाही. आपलं ‘अडीच’ हे ‘अर्धतृतीय’चं झिजलेलं रूप, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे ते. जर्मनांचं ‘हाल्ब द्राय’ नेमकं तेच. साडेतीनपासून आपण गाडी बदलतो : ‘सार्ध’, अर्ध्यासकट तीन. त्याने अडीचला बोलावलं असतं तर मी वेळेवर पोचले असते, असं मी गेली दहा वर्षं सांगत आलेय. ते खरं नाही, पण ऐकणाऱ्याला पटतं.

या दहा वर्षांकडे वळून बघताना जाणवतं, की जाताना ज्या इंग्रजीच्या भरवशावर गेले ती वर्गात उपयोगी पडली. बाहेर बऱ्याचदा मराठीच धावून आली. जर्मन माणूस पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. आपणही तेच करतो. माझे चिनी आणि मेक्सिकन वर्गमित्र फोन नंबर लिहून घेताना आकडे उलटसुलट करायचे, मला ते जड गेलं नाही. तो-ती-ते अशी तीन लिंगंही ओळखीची निघाली आणि मी जरा हुरळले. पण टेबल तिकडे ‘तो’, खिडकी ‘ते’ आणि सूर्य चक्क ‘ती’. चंद्र तेवढा दोन्हीकडे पुरुष राहिला.

जर्मनीच का, याचं उत्तर सरळ होतं : पैसे. आखेनच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने २०११ मध्ये शिक्षण शुल्क रद्द केलं होतं. सत्राला दोन-अडीचशे युरो भरले की शिकायची सोय होई, वर राज्यभरच्या बस आणि लोकल गाड्यांचा पास मिळे. मात्र वर्षभराच्या खर्चाचे आठ हजारांच्या आसपास युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागत, म्हणजे तेव्हाचे सव्वासहा लाख रुपये. बाबांनी त्यासाठी मोडलेल्या एफडीच्या पावत्यांची झेरॉक्स अजून माझ्या फाइलमध्ये आहे. ती मी का जपून ठेवली, कोण जाणे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २३ ऑक्टोबरला होतं. तोवर मी गादीवरच. सीनियरच्या खोलीत स्काइप लावून आईने इकडची पणती दाखवली, मी तिकडची मेणबत्ती. तीनच दिवसांनी घड्याळं तासभर मागे गेली आणि घराचं अंतर साडेतीन तासांवरून रातोरात साडेचार तासांवर गेलं. पुन्हा तेच दोन आकडे! आई कितीतरी दिवस जुन्याच वेळेला फोन करत राहिली आणि मी लेक्चरमध्ये असायचे.

खोली मिळाली ती नोव्हेंबरात, होस्टेलवर, सहाजणांत एक स्वयंपाकघर. पहिल्या रविवारी आमटीला फोडणी दिली. लाल मिरची पडली मात्र, छतावरचा अलार्म कोकलू लागला आणि अख्खा मजला पायजम्यात खाली अंगणात. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद होता, खाली सगळ्यांच्या सह्या : स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी. तोंडावर न बोलता चिठ्ठी लावणं तेव्हा फार लागलं. आता मीही लावते.

२०१६ मध्ये बर्लिनला गेले, तेव्हा डाह्लेममधली ईनेश्ट्रासेवरची इमारत मुद्दाम शोधली. इथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत इरावती कर्वे १९२८ ते ३० या काळात शिकत होत्या. घरून सासरे धोंडो केशवांचा विरोध, हातात जीवराज मेहतांनी दिलेलं कर्ज. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशविचाराला विद्वत्तेचा मुलामा देणारे. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, हे त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. आता तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे, पायऱ्यांवर मुलं सँडविच खात बसली होती. परक्या देशाशी जुळवून घेण्याबद्दल आम्ही एवढं बोलतो. काय जुळवून घ्यायचं नाही, हे त्या परदेशी विद्यार्थिनीला बरोबर कळलं होतं.

मी गेले तेव्हा जर्मनीत साडेअकरा हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ते ४९ हजारांवर गेले, चिन्यांपेक्षाही जास्त. मधल्या काळात दार अरुंदही झालं : नोव्हेंबर २०२२ पासून कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं, आणि ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, तेव्हाचे जवळपास अकरा लाख रुपये.

त्याच महिन्यात माझी मावसबहीण आली. स्टेशनवर तिला न्यायला मी गेले, तर आधीच चार मराठी मुलं हजर, ग्रुपवर ठरवून आलेली. खोली पुण्यातून बुक केलेली, किराणा दुकानात कांदा-लसूण मसाला. ‘ताई, जर्मन बी-वन कधीतरी करीन,’ म्हणाली. मला हेवा वाटला आणि थोडी काळजीही. दोन्ही बोलून दाखवलं नाही.

माझ्या आताच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. पाच वर्षं आमचं ‘झी’ म्हणजे अहो-जाहो चाललं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी वाइनचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, आता ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणूया. हा मान वयाने मोठ्या माणसानेच द्यायचा असतो, आणि दिल्यावर नाकारणं वाईट दिसतं. आठवडाभर माझी जीभ वळेना. एवढ्या मोठ्या बाईला अरे-तुरे कसं करायचं? मग लक्षात आलं, आमच्या घरी आजोबांना अहो-जाहो होतं, आजीला कायम ‘तू’. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यात दिसल्या, हातात बटाट्यांची पिशवी.

‘आण इकडे,’ मी म्हटलं, ‘तू कशाला उचलतेस?’