अर्धवट काम, पुरता हिशेब

घराचं काम काढलं की घरचीच माणसं पाहुण्यांसारखी राहू लागतात. भांडी पलंगाखाली, पिठाचा डबा कपाटात, आंघोळ शेजाऱ्यांकडे. हे दिवस आपण हसत काढतो, कारण त्यांना शेवट असतो. पण ठेकेदारानं मध्येच काम टाकलं आणि फोन उचलणं बंद केलं, की तेच दिवस जीव खाऊ लागतात. त्याविषयी आज बोलू या.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या घरी असंच झालं. स्वयंपाकघर आणि मोरीचं काम मटेरियलसह ३ लाखांना ठरलं होतं. २ लाख १० हजार घेऊन ठेकेदार जो गेला, तो दीड महिना फिरकला नाही. मोरीला दार नाही, ओट्यावर कडप्पा नाही, घरात म्हातारी सासू. भाचा पोलिसांत जायला निघाला. मी म्हटलं, ‘‘थांब, आधी मोजू या.’’ काम अर्धवट टाकणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो. सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू होता हे दिसलं, तरच तो गुन्हा ठरतो.

मोजायचं म्हणजे काय? झालेल्या आणि उरलेल्या कामाची यादी करायची, तारखेसह फोटो काढायचे. त्रयस्थ इंजिनिअरकडून झालेल्या कामाची किंमत आणि उरलेल्याचा खर्च लिहून घ्यायचा. आपाकडचं काम दीड लाखाचं भरलं. म्हणजे ६० हजार रुपये कामाच्या पुढे धावले होते. मात्र हिशेब दोन्ही बाजूंनी करावा. आपानं मध्येच दोन नळ वाढवले होते. त्या जादा कामाचे ८ हजार ठेकेदाराचेच. मागणी उरली ५२ हजारांची.

मग पत्र. दिलेली रक्कम, झालेलं काम, उरलेलं काम आणि १५ दिवसांची मुदत, एवढंच साध्या भाषेत लिहावं. स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपावी. नवा मिस्त्री लावण्याआधी हे पत्र आणि फोटो झालेच पाहिजेत. नाहीतर एकाचं काम कुठं संपलं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं, हे सांगता येत नाही.

पत्र मिळाल्यावर तो आला. त्याचे पैसे दुसऱ्या कामावर अडकले होते, मजुरी थकल्यानं कारागीर निघून गेले होते. आकडा समोर असल्यानं आरडाओरड झाली नाही. पुढचे पैसे थेट दुकानदाराला आणि कारागिरांना द्यायचे असं कागदावर ठरलं. २२ दिवसांत मोरीला दार लागलं.

सगळेच असे परतत नाहीत. तेव्हा लोक ‘महारेरा’चं नाव घेतात, पण राहत्या घराच्या दुरुस्तीचे वाद तिथं जात नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत १९९३मध्ये घरबांधणी आली, ती २०१९च्या नव्या कायद्यातही आहे. वाद उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. आधी विचारपूस करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एक भेद लक्षात ठेवा : रोजंदारीवर गवंडी लावून काम स्वतः करवून घेतलं असेल, तर ती वैयक्तिक सेवा ठरून या कायद्याबाहेर राहू शकते.

पुष्कळांना लिहून मागायला संकोच वाटतो. ओळखीचा माणूस, त्याला काय वाटेल? कुराणातली सर्वांत मोठी आयत मुदतीचं देणं साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगते, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असंही बजावते. कामाआधी घेतलेली उचल हेही देणंच आहे. तेव्हा कामाची यादी, दर, टाइल्सचा प्रकार, मुदत आणि हप्ते एका कागदावर आणा, दोघांच्या सह्या घ्या. प्रत्येक हप्ता काम झाल्यावर द्या, पावती घ्या. शेवटचे १० टक्के हातात ठेवा. मोरीत २४ तास पाणी साठवून बघा, खालच्या घरी ओल नाही ना हे विचारा, आणि मगच ते द्या.