चार जीबीतली पाऊण जीबी गेली कुठे?

खराडीच्या आयटी पार्कभोवतालच्या वस्तीत एखादा जुना डेस्कटॉप माळ्यावर पडून असलेली घरे कमी नसतील. मुलांच्या अभ्यासासाठी तो पुन्हा सुरू केला, की कधीकधी पडद्यावर दिसते : बसवलेली मेमरी ४ जीबी, वापरता येणारी ३.२५ जीबी. दुकानदाराने फसवले, अशी पहिली शंका येते. बहुधा ती खरी नसते.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला घरासारखा क्रमांक असतो. ३२ बिटच्या विंडोजला असे सुमारे ४२९ कोटी, म्हणजे ४ जीबीपुरतेच क्रमांक वापरता येतात. त्यातलेच काही ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड आणि बायोसला द्यावे लागतात. तेवढी रॅम असूनही क्रमांकाविना राहते. ही वाटणी जुनीच आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत १,०२४ केबीपैकी ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि ३८४ केबी राखीव होते.

कोणती जागा मोकळी, हे ऑपरेटिंग सिस्टीमला कसे कळते? प्रत्येक जागी काही लिहून परत वाचून पाहणे धोक्याचे असते, कारण तो क्रमांक एखाद्या उपकरणाचा असू शकतो. म्हणून ती सुरू होतानाच बायोसला विचारते. सुरुवातीच्या पद्धतीत उत्तर म्हणून एकच आकडा मिळे, तोही फार तर ६४ एमबीपर्यंतचा. पुढे आलेल्या 'ई८२०' पद्धतीत पूर्ण यादी मिळू लागली : पट्टा कुठून सुरू, किती लांब आणि कोणत्या प्रकारचा. प्रकार १ म्हणजे वापरण्याजोगा, २ म्हणजे राखीव. ३ मधली माहिती वाचून झाल्यावर जागा मोकळी करता येते, ४ मात्र जपावा लागतो. यादीतच चूक असेल, तर सिस्टीम राखीव जागेत लिहिते आणि संगणक अचानक अडकतो किंवा 'स्लीप'मधून उठत नाही. नव्या संगणकांत हेच काम यूईएफआय करते.

म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, ते पाहा. असेल तर ६४ बिटची सिस्टीम टाका आणि बायोसमध्ये 'मेमरी रीमॅप'चा पर्याय असल्यास तो सुरू करा. मदरबोर्डची साथ असेल, तर हरवलेल्या रॅमपैकी बरीचशी परत मिळते. मात्र बसवलेली मेमरीच निम्मी दिसत असेल, तर रॅमची पट्टी किंवा तिचा स्लॉट तपासून घ्या.