ऊर्ध्वधनुरासनातील पाठीची कमान

ऊर्ध्वधनुरासनात उताण्या शरीराची कमान तळहात आणि तळपाय यांच्या आधारावर जमिनीवरून उचलली जाते. ते पाठीच्या लवचिकतेची परीक्षा वाटत असले, तरी त्यातील लाभ आणि धोका हे दोन्ही, पाठ किती वाकते यापेक्षा ती कोठे वाकते यावर अधिक ठरतात. कण्यातील हलणाऱ्या २४ मणक्यांपैकी ७ मानेचे, १२ छातीमागचे आणि ५ कमरेचे असतात. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने, आणि त्यांची मागची टोके खाली झुकून एकमेकांवर आलेली असल्याने, हा भाग मागे फारसा वळत नाही. कमरेचे मणके मात्र सहज वळतात, आणि लक्ष दिले नाही तर बहुतेक सारी कमान त्यांच्यावरच येऊन पडते. अशा वारंवारच्या ताणाने मणक्याच्या मागील बाजूच्या अरुंद हाडाला बारीक तडा जाऊ शकतो; जिम्नॅस्ट आणि जलदगती गोलंदाज यांच्यात ही दुखापत परिचित आहे.

म्हणून आसनाची खरी तयारी कमरेपासून दूर, खुब्यात आणि खांद्यांत होते. मांडीला कण्याशी जोडणारे पुढचे स्नायू आखडलेले असतील तर ओटीपोट उघडत नाही, आणि दंड कानांमागे जात नसतील तर छाती वर येत नाही. या दोन्ही उणिवा मग कंबर भरून काढते. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विकसित केलेल्या पद्धतीत यासाठी साधनांचा आधार घेतला जातो. खुर्चीवर पाठ टेकवून छाती उघडली जाते, कोपरांच्या वर बांधलेला पट्टा हात फाकू देत नाही, आणि भिंतीला टेकवलेल्या विटांवर तळहात ठेवल्याने मनगटाचा कोन सौम्य होतो. अशा साधनांकडे नवशिक्यांची सोय म्हणून पाहणे अन्यायाचे आहे, कारण जो भाग एरवी कामच करत नाही त्याला ती कामाला लावतात.

प्रत्यक्ष क्रियेत टाचा नितंबांजवळ आणि तळहात कानांशेजारी, बोटे खांद्यांकडे करून, ठेवले जातात. श्वास सोडत शरीर प्रथम टाळूवर उचलले जाते, मात्र मानेवर भार पडू न देता. तेथे क्षणभर थांबून कोपरे आत घेतली जातात आणि खांद्यांची पाती छातीकडे दाबली जातात, मगच हात सरळ होतात. पावले बाहेर वळली की माकडहाडाजवळ चिमटा बसतो, म्हणून ती समांतर ठेवून मांड्या आत फिरवाव्या लागतात आणि माकडहाड गुडघ्यांच्या दिशेने लांबवावे लागते. मांड्या आणि दंड यांच्यात जाणवणारा थकवा योग्य आहे. कमरेत एका ठिकाणी टोचणारी वेदना किंवा पायात उतरणाऱ्या मुंग्या जाणवताच आसन सोडलेच पाहिजे. श्वास अडखळू लागणे हीही उतरण्याची वेळ आल्याची खूण होय.

अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असणाऱ्यांनी हे आसन टाळावे. मणक्यांमधील चकतीचा त्रास किंवा गर्भावस्था असेल तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्याकडे वळू नये.

उतरताना कोपरे वाकवून, हनुवटी छातीकडे घेत, पाठ सावकाश जमिनीवर टेकवली जाते. त्यानंतर लगेच गुडघे छातीशी घट्ट ओढून कणा उलट दिशेला वाकवण्याऐवजी, गुडघे उभे ठेवून काही श्वास विसावणे, मग अधोमुख श्वानासन आणि सौम्य पीळ देणारी आसने करणे, आणि पुढे वाकण्याची आसने शेवटी घेणे हा क्रम कमरेला अधिक मानवतो.