आधी टिचकी, मग नक्षी

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे साच्यात दाबून केलेल्या काचेच्या टेबलाशी आलेली जाणती माणसं नक्षी नंतर बघतात. आधी पेला उचलून वजन घ्यायचं, मग दांडी हलकेच धरून काठावर टिचकी मारायची. काचेत शिसं असेल तर नाद रेंगाळतो. सोडा आणि चुन्याची काच असेल तर ‘टक्’, की संपलं. व्हीलिंगच्या कारखान्यात विल्यम लेटन यांनी १८६४ साली ही दुसरी, स्वस्त आणि हलकी काच साधली आणि नक्षीची भांडी साध्या घरांतही पोचली. साखरेचं झाकणवालं भांडं, दुधाचा चंबू, लोण्याचं भांडं आणि चमचे उभे ठेवायचं भांडं, असा चारांचा संच घेतला जाई.

टिचकीनंतर मी बोट आत घालते. तापलेल्या काचेचा गोळा धातूच्या साच्यात सोडायचा, कात्रीने तोडायचा आणि तरफ ओढून दट्ट्या खाली दाबायचा, अशी ही कृती. म्हणून बाहेर उठावाची नक्षी असली तरी आतली बाजू गुळगुळीत लागते. फुंकून साच्यात फुगवलेल्या भांड्यात बाहेरचा उंचवटा आत खळगा होऊन बोटाला कळतो. साच्याचे भाग जुळतात तिथली शिवणही चाचपून बघावी.

माझा जीव जडला आहे तो सँडविच गावच्या, १८३०च्या दशकातल्या बशांवर. साचा गोळ्यापेक्षा थंड, त्यामुळे काचेवर सुरकुत्या पडत, पृष्ठभाग मंद होई. ते लपावं म्हणून कारागिरांनी मोकळी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकली. उजेडात तिरकी धरली की सगळी बशी चमचमते. माझ्या मते अमेरिकन काचेतलं याहून सुंदर काम नाही.

नकला मात्र पुष्कळ. ‘वेस्टवर्ड हो’ ही फिलाडेल्फियाच्या गिलिंडर कारखान्याची १८७०च्या दशकातली नक्षी: हरणं, गवे, झाकणावर बसलेला मूळ रहिवासी. विसाव्या शतकात तिचे नवे साचे निघाले. अशा वेळी मी भिंगाखाली हरणाचं तोंड बघते. जुन्या कामात तोंडाची रेघ आणि अंगावरचे केस स्पष्ट उठलेले असतात. नकलेत ते बुजतात, आणि धूसर केलेला भाग खडूसारखा पांढरा दिसतो. शंका राहिली तर, किंमत कितीही उतरवली तरी, ते भांडं मी खाली ठेवते.